जुनी फरशी, नवे आच्छादन

मागील बाजूस चिकट द्रव्य लावलेल्या व्हिनिलच्या टाइल्स आता बाजारात सहज मिळतात. कागद सोलावा आणि टाइल जमिनीवर दाबून बसवावी, इतके हे काम सोपे वाटते. आणि म्हणूनच पुष्कळदा ते फसते. आमच्या तळमजल्यावरील जुन्या शहाबादी फरशीवर आम्ही ऐन श्रावणात अशा टाइल्स बसविल्या. दिवाळीपर्यंत त्यांच्या कडा उचलल्या आणि एके सकाळी सासूबाईंचे पाऊल त्यांत अडकले. भिंतीचा आधार मिळाला म्हणून त्या सावरल्या. दोष टाइल्सचा नव्हता. खालच्या जमिनीकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

प्रथम ओल तपासावी. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडविणारा थर बहुधा नसतो. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा जमिनीवर पसरून चारही बाजू चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक दिवस-रात्र तो तसाच राहू द्यावा. खोलीत दोन-तीन ठिकाणी असे करावे. प्लॅस्टिकखाली पाण्याचे थेंब जमले किंवा जमीन काळसर झाली, तर ओल आहे असे समजावे. फरशीवर फुटणारा पांढरा खारही तेच सांगतो. ही परीक्षा पावसाळ्यात घेतलेली बरी. टाइल्स मात्र कोरड्या दिवसांत बसवाव्यात. ओल आढळल्यास आधी तिचे कारण दूर करावे. ते शक्य नसेल, तर या टाइल्सचा विचार सोडावा. सारवलेल्या जमिनीवर त्या मुळीच बसवू नयेत. तेथे आधी सिमेंटचा कोबा करावा आणि तो निदान २८ दिवस पक्का होऊ देऊन, नंतर वरीलप्रमाणेच ओल तपासावी.

मग प्रत्येक फरशी लाकडी मुठीने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर ती गवंड्याकडून काढून पुन्हा बसवून घ्यावी. मोझेइकवरील मेणाचे पॉलिश आणि स्वयंपाकघरातील तेलाचा थर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून काढावा. त्यानंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. सोड्याचा अंश राहिला, तर तोही चिकटण्याच्या आड येतो. जमीन पुरती वाळू द्यावी.

या टाइल्सची जाडी बहुधा दीड-दोन मिलिमीटरच असते. त्यामुळे खालची प्रत्येक दर्जा व भेग काही दिवसांत वर उमटते. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवून पाहावी. तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली, तर उंचवटे घासून घ्यावेत आणि खोलगट भाग व दर्जा पॉलिमरयुक्त भरण मिश्रणाने भराव्यात. नुसत्या सिमेंटचा पातळ हात फिरवू नये. त्याच्या पापड्या सुटतात.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. पूर्वी बसविलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या टाइल्समध्ये किंवा त्यांखालील काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशा टाइल्स खरवडू, घासू वा फोडू नयेत. जाणकाराचा सल्ला घ्यावा.

शेवटी धूळ झाडून ओल्या फडक्याने टिपावी. कोब्यावरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर टाइल्सच्या कंपनीने सुचविलेल्या प्रायमरचा हात देऊन तो वाळू द्यावा. टाइल्स आधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. बसविताना मधोमधून कडांकडे दाब द्यावा. फडके गुंडाळलेले लाटणे त्यासाठी उत्तम.

दुसऱ्या खेपेस आम्हाला टाइल्स बसवायला एक दिवस लागला आणि जमीन तयार करायला दोन आठवडे. आता सासूबाई त्या खोलीत निर्धास्तपणे वावरतात.