गाडीचा ‘टक्’ आवाज

घरात जुनी गाडी असली की तिच्या कुरबुरींची सगळ्यांनाच सवय होऊन जाते. आमची व्हॅन सतरा वर्षांची आहे. अब्बांना दर महिन्याला तपासणीसाठी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला न्यावे लागते, ते हिच्यातूनच. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक नवा आवाज जडला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून ‘टक्’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक्’. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला तरी तेच.

“बेटा, गाडी काहीतरी सांगते आहे,” अब्बा मागच्या सीटवरून म्हणाले. आम्ही रेडिओ मोठा केला.

शेवटी एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी गाडी एक फेरी फिरवून आणली आणि सांगितले, “डिफरन्शियल गेले. उघडावे लागेल.” खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतूनच तो भागणार होता. घरी परतताना गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे सहज थांबलो. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारले, “मास्तर, आवाज कुठून येतो ते मी बघतो. कधी येतो ते तुम्ही सांगा.”

वर्गात आम्ही मुलांना रोज सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. इथे मात्र आम्हीच प्रश्न न वाचता पैसे मोजायला निघालो होतो.

आधी यंत्र समजून घेऊ. आमच्या गाडीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी, ओम्नी, सुमो, बोलेरो यांत, गिअरबॉक्समधून निघालेला जोर एका लांब पोलादी नळीतून मागे जातो. ही नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स जागच्या जागी असतो, पण मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यागणिक वर-खाली होतो. म्हणून नळीच्या टोकांना फिरता फिरता वाकणारा सांधा लागतो. तो युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, कारण तो अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या असतात आणि टोपीच्या आत सुईसारखे बारीक रोलर व ग्रीस. आत पाणी शिरले किंवा ग्रीस सुकले की रोलर झिजतात आणि सांधा ढिला होतो. जोराची दिशा बदलताच ती ढिलाई एकदम भरून निघते, तोच ‘टक्’.

आता आवाज कधी येतो ते पाहा. गाडी सुटताना, रिव्हर्स घेताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना एकच ठोका येत असेल तर संशय क्रॉसवर. हळू चालताना चिमणीसारखी ‘चूं-चूं’ येत असेल आणि वेगाबरोबर ती भराभर होत असेल, तर क्रॉस सुकलेला असू शकतो. ठराविक वेगाला गाडी थरथरू लागली तर शाफ्टचा तोल किंवा सांधा तपासावा. सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज आणि तो अ‍ॅक्सिलरेटरबरोबर बदलत असेल, तर डिफरन्शियलकडे बघावे. फक्त खड्ड्यात आवाज येत असेल तर पाटे, बुश आणि शॉकअब्सॉर्बर बघावेत. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा शाफ्टच नसतो. तिथे वळताना ‘कट-कट’ आली तर बहुधा चाकाजवळचा सांधा झिजलेला असतो.

मिस्त्रीचाचांनी मग गाडी सपाट जागी उभी केली, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली, हँडब्रेक ओढला आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. सायलेन्सर निवेपर्यंत चहा झाला. त्यानंतर गिअर न्यूट्रलला टाकून ते खाली गेले. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून त्यांनी उलट-सुलट पिळल्या, वर-खाली हलवल्या. चांगल्या सांध्यात ढिलाई हाताला जाणवत नाही. आमचा मागचा क्रॉस स्पष्ट हलत होता आणि टोपीभोवती लालसर गंजाची भुकटी जमली होती. “ही भुकटीच सांगते,” ते म्हणाले. तरी त्यांनी फ्लँजचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचे रबर माउंटिंगही पाहून घेतले. ढिल्या बोल्टचा आवाजही असाच येतो, आणि त्याचा इलाज फक्त पाना.

वाचकांना एक कळकळीची विनंती. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आणि ठोक्याबरोबर कंपही सुरू झाला असेल तर घाटात गाडी नेऊ नका. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आपटते. कुठलाही सांधा तुटला तरी चाकांना जोर मिळत नाही आणि उतारावर इंजिनचा रोधही राहत नाही. आम्ही दोन महिने हाच आवाज घेऊन अब्बांसह कुंभार्ली चढलो-उतरलो, हे आठवले की आजही छाती धडधडते.

शाफ्ट खोलण्यापूर्वी चाचांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना रंगाच्या खुणा केल्या. शाफ्ट होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर तोल बिघडून थरथर सुरू होऊ शकते. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये तर काटे एका रेषेत न बसल्यास नवा क्रॉसही व्यर्थ. चाचांनी दोन्ही क्रॉस बदलले. त्या दोन क्रॉसचा खर्च शेकड्यांत झाला, हजारांत नाही.

रिव्हर्स टाकताना अजून एक हलकी ‘टुक’ येते. आम्ही विचारले तेव्हा चाचा म्हणाले, “डिफरन्शियलच्या दातांत थोडी मोकळीक असतेच, या वयात थोडी जास्त. तेल बघत राहा.” फी वेळेवर भरली. पुढच्या महिन्यात घाट चढताना अब्बांनी मागून विचारले, “आज रेडिओ नाही लावला?”

आम्ही म्हणालो, “नाही अब्बा, गाडी ऐकतो आहोत.”