समुद्र पूर्वेलाही आहे, साहेब!

मुंबईचा समुद्र म्हटलं की सगळ्यांना मरीन ड्राइव्ह, जुहू, वरळी सी-फेस आठवतं. सगळं पश्चिमेला. आम्ही माझगाव-डॉकयार्ड रोडवाले. समुद्र आमच्याही उशाशी आहे, पण तो बघायचा तर भंडारवाड्याची टेकडी चढून जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात जायचं. खाली उतरलं की मध्ये बंदराची भिंत.

भिंत बांधली तेव्हा कारण होतं. गोद्या चालत होत्या, हजारो कामगार राबत होते. पण १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या तर बुजवल्या. बंदराची जमीन सुमारे १८०० एकर. २०१४ साली केंद्राने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मग आराखडे झाले, रंगीत चित्रं झाली. भिंत आहे तिथेच आहे.

कुणी म्हणेल, सुरक्षेचा प्रश्न आहे. मान्य. नौदलाची, तेलाची जागा कोण मागतंय? पण रिकाम्या गोदामांना कसली आलीय सुरक्षा?

माझी भीती वेगळी आहे. उद्या भिंत पडेल, आणि तिच्या जागी टॉवरचं फाटक उभं राहील. समुद्र मग ‘सी व्ह्यू’ म्हणून चौरस फुटाने विकला जाईल.

मरीन ड्राइव्ह लोकांचा का झाला, बघा. एक लांबलचक कट्टा. तिकीट नाही, फाटक नाही. चर्चगेट किंवा मरीन लाइन्सला उतरा, चालत जा, बसा. वसईहून आलेलं कुटुंब आणि समोरच्या इमारतीतला शेठ एकाच कट्ट्यावर. कोस्टल रोडवर याच्या उलट झालं. मार्च २०२४ मध्ये गाड्या धावल्या, काठाची पायवाट लोकांना मिळाली ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि तिथे जायला भुयारी मार्गात उतरायचं. आधी गाडी, मग माणूस.

पूर्वेला ही चूक टाळता येते. सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. हार्बरची पाच स्टेशनं किनाऱ्याला समांतर उभी आहेत. म्हणून मागणी साधी आहे:

१. प्रत्येक स्टेशनपासून थेट पाण्यापर्यंत चालायचा सावलीचा रस्ता. तो आधी, टॉवर नंतर.
२. पाण्याकाठची पट्टी कायम सार्वजनिक. तिकीट नाही, विक्री नाही, भाडेपट्टा नाही.
३. ससून डॉक, भाऊचा धक्का इथल्या कोळ्यांची जागा कागदावर पक्की करा. ‘वास येतो’ म्हणून मासळीवाल्या मावशीला हटवणार असाल, तर तो समुद्रकिनारा नाही, नुसता हॉटेलचा व्हरांडा.
४. दारूखाना, लकडी बंदर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घर तिथेच.
५. संडास, पिण्याचं पाणी, बसायला कट्टा. कारंजी नसली तरी चालतील.

सूचना-हरकतींची मुदत गुपचूप येते आणि गुपचूप संपते. या वेळी शिवडीपासून कुलाब्यापर्यंत प्रत्येक चाळीतून एक तरी पत्र जाऊ द्या. आपण गप्प बसलो तर हा किनारा आपल्यासाठी कुणी राखून ठेवणार नाही.

पत्राचा मसुदा मी लिहायला घेतोय. कोण कोण सही करणार, खाली सांगा.