आरोपी एकटा वडापाव नव्हे

वस्तीतले पोर जाड झाले की दोष वडापावचा, नाहीतर मोबाईलचा. डॉक्टर सांगतात, कमी खा, पळायला जा. कुठे पळायचे? हमरस्त्याच्या धुरात?

लॉस एंजेलिसमध्ये ८ ते १५ वर्षांच्या, आधीच वजन जास्त असलेल्या ३१४ लॅटिनो मुलांची काही वर्षे तपासणी झाली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घराभोवती नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकण अधिक, त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव अधिक वेगाने घटला होता. इन्सुलिन निष्प्रभ झाले की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. प्रदूषणाने शरीरात वाढणारा दाह हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात.

हा निर्णायक पुरावा नव्हे, हे वकील म्हणून आम्हीही जाणतो. पण वेल्लोर प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आहे. शास्त्रीय खात्री नाही, ही सबब सरकारला चालत नाही! त्याच कॅलिफोर्निया राज्याने २००३ सालीच महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा बांधण्यास, काही अपवाद ठेवून, मनाई केली. आपल्याकडे सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते.

महामार्गालगत कोण राहते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शाळेत मुलांचे वजन मोजता, तशी शाळेच्या दारातली हवाही मोजा आणि दोन्ही आकडे पालकांच्या हाती द्या, ही आमची मागणी आहे. कोर्टात उभे राहायला तेवढे कागद तरी हवेत.