आपल्या माणसाचा वशिला : तळेगाव दाभाडे येथील मतदारांस जाहीर विनंती



नगरपरिषदेच्या गटाराचा ठेका परजातीच्या नगरसेवकाने आपल्या मेहुण्यास मिळवून दिला, की चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत आपण त्यास भ्रष्टाचार म्हणतो; आणि तेच कृत्य आपल्या जातीच्या नगरसेवकाने केले असता ‘आपल्या लोकांचे बघतो तरी’ असे म्हणून पुढील निवडणुकीत त्याचेच बटण दाबतो. कृत्य एक, खजिना एक. बदलते ते केवळ करणाराचे आडनाव. माझ्या आळीतील काँक्रीट पहिल्याच पावसाळ्यात उखडले तेव्हा, ठेकेदार भावकीतला म्हणून, तक्रारीच्या अर्जावर सही करण्याचे मी नाकारले होते. त्याची लाज आजही वाटते, आणि तीच या पत्रकाचे कारण आहे.

मतदार दुष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. जेथे शाळेतील प्रवेश, दवाखान्यातील खाट आणि कारखान्याच्या फाटकावरील कंत्राटी भरती हक्काने नव्हे तर चिठ्ठीने मिळते असा अनुभव आहे, तेथे मनुष्य चिठ्ठी देणारा शोधणारच, आणि तो आपल्याला देईल की नाही हे ओळखण्याची सर्वांत सुलभ खूण म्हणजे आडनाव. राज्यशास्त्रज्ञ कांचन चंद्रा यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात भारतीय मतदाराचा हाच हिशेब उलगडून दाखविला आहे. परंतु हा हिशेब पुरा करून पाहिला पाहिजे. नवलाख उंबऱ्यापासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत कामगार पुरविण्याचे, बसचे, कॅन्टीनचे आणि भंगाराचे जे ठेके आहेत, त्यांपैकी आपल्या जातीतील किती घरांत आले? बोटांवर मोजण्याइतक्या. त्याच जातीचा, जमीन गेलेला मुलगा लातूर-नांदेडहून आलेल्या मुलाच्या शेजारी उभा राहून त्याच मुकादमाकडून तीच मजुरी घेतो; नेत्याच्या वैभवातील त्याचा वाटा अभिमानापुरता उरतो. अँडरसन, फ्रान्स्वा व कोतवाल या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील खेड्यांची पाहणी करून २०१५ साली दाखविले, की जेथे जमीन आणि सत्ता एकाच प्रबळ समाजाच्या जमीनदारांकडे एकवटते तेथे निवडणुका रीतसर होऊनही गरिबांच्या योजना दुबळ्या राहतात, कारण अडीनडीच्या आधाराच्या बदल्यात मत दिले जाते.

यावर कोणी म्हणेल, मग शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तोही पक्षपातच काय? मुळीच नाही. तो जाहीर हुकूम होता, युगानुयुगे दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी होता, आणि त्याचा लाभ मागण्यास कोणाच्या वाड्यावर हेलपाटे घालावे लागत नव्हते. वशिला मात्र दाराआड लावला जातो, आणि जातीचे नाव पुढे करून घराचे भले करतो.

जन्म पाहून पद देण्याची आणि गुण पाहून काम सोपविण्याची, अशा दोन्ही परंपरा आपल्या गावाने पाहिल्या आहेत. खंडेराव दाभाड्यांना १७१७ साली लाभलेले सेनापतिपद, १७३१ मध्ये डभईच्या रणात त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडताच, त्र्यंबकरावांचे अल्पवयीन बंधू यशवंतराव यांच्याकडे गेले, आणि मातोश्री उमाबाईंच्या असामान्य कर्तृत्वावर तो भार उभा राहिला. पद मात्र जन्माने ठरले. याच गावी १९०८ साली अंताजी काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे लोकांच्या एकेका पैशातून, काच कारखाना निघाला, तेव्हा त्याची सूत्रे उत्तर हिंदुस्थानातील ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती दिली गेली. कारण परदेशी जाऊन काचेची विद्या शिकलेला तो मनुष्य होता. त्याची जात आणि मुलूख विचारीत बसलो असतो, तर तळेगावात काच वितळलीच नसती.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणाऱ्यास नगरसेवकपदास अपात्र ठरविले आहे. पण ठेका मेहुण्याच्या वा चुलतभावाच्या नावे असला म्हणजे तो हितसंबंध सिद्ध करणे कठीण होते, आणि हे नाते ठाऊक असते ते फक्त आपल्याला, भावकीला. म्हणून प्रत्येक मतदाराने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये आपल्या प्रभागातील कामे, निविदा आणि अदा केलेली देयके यांची नक्कल मागावी; आणि पहिला अर्ज दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच जातीच्या नगरसेवकाच्या प्रभागासंबंधी करावा.