आधी हवेचा हिशेब मांडा

घाट चढताना एखादा मालट्रक मंदावतो, काळा धूर ओकू लागतो. अशा वेळी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याकडे अनेकांचा कल असतो. माझ्या मते हा उपाय उलटा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, १ किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. टर्बोचार्जर ही हवा सिलिंडरमध्ये दाबून भरतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर त्याचे चक्र फिरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी नळ फाटला, की दाबलेली हवा वाटेतच निसटते आणि शक्ती घटते. त्यात डिझेल वाढवले तर ते अर्धवट जळते. त्याची काजळी होते. नव्या इंजिनांतील संगणक हवा कमी पडताच डिझेलही आखडते घेतो. तेथे धूर फारसा दिसत नाही, पण ट्रक मंदावतोच.

ज्वलनाचा धडा शिकवताना इंधनाइतकेच महत्त्व शिक्षकांनी हवेलाही द्यावे. हवा फुकट मिळते, म्हणून तिला हिशेबातून वगळून कसे चालेल?