नावाची खोली

बँकेच्या खातेवहीत पंचवीस रुपयांच्या नोंदीखालीही कुणाची तरी सही लागते. उभी हयात त्यात गेल्यामुळे बिनसहीचे काम मला खटकते.

आमच्या कनेरगाव नाक्यावर एस.टी.ची वाट पाहणारी पोरे मोबाइलवर खेळ खेळत बसतात. हा खेळ कुणी रचला, असे विचारले तर ती कंपनीचे नाव सांगतात. रचणाऱ्याचे नाव कुणालाच ठाऊक नसते.

याच गोष्टीवरून अमेरिकेत एकदा चांगलीच जुंपली होती. अटारी ही तेव्हाची व्हिडिओ गेमची बडी कंपनी. खेळ अमाप खपत, पण खोक्यावर नाव फक्त कंपनीचे. तिथल्या वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने १९८० मध्ये बाजारात आलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली दडवली. कणाएवढा राखाडी ठिपका शोधून आणला तरच वाट मिळे आणि आत त्याचे नाव झळके. तो नोकरी सोडून गेल्यावरच कंपनीला हे कळले.

दुसऱ्या चौघांनी सरळ जाऊन श्रेय आणि पैशातला वाटा मागितला. नकार मिळताच ते बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी उभी राहिली. तिने रचनाकारांची नावे छापली. अटारीने कोर्टात खेचले. १९८२ मध्ये तडजोड झाली.

पण सुनेची सासू झाली की काय होते, ते आपल्याला सांगायला नको. याच कंपनीचे, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे, कर्मचारी २८ जुलै २०२१ रोजी काम थांबवून बाहेर आले. स्त्रियांचा छळ आणि त्यांना मिळणारा कमी पगार, याविषयी सरकारी खात्याने केलेला दावा कंपनीने झटकून टाकला होता. आपल्याकडे १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या ‘प्रभात’चे मालक तर बहुतेक कलावंतच होते. तरी १९४२ मध्ये व्ही. शांताराम बाहेर पडलेच. मालक कलावंत असला म्हणून तंटा टळत नाही.

पगार दिला, मग काम मालकाचे, असे कुणी म्हणेल. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही, वेगळा करार नसेल तर, नोकरीत केलेल्या कामाची मालकी सहसा मालकालाच देतो. मात्र त्याच कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, मालकी गेली तरी ‘हे माझे’ म्हणण्याचा निर्मात्याचा अधिकार जात नाही.

आता आपल्याही घरातली मुले पुण्या-बंगळुरात असल्या कामाला लागत आहेत. नेमणुकीचा कागद आला की आपण आधी पगाराचा आकडा वाचतो. तो जरूर वाचावा. पण पोराने केलेल्या कामावर पोराचे नाव येणार का, हेही एकदा विचारावे. उघड दारावर पाटी लागली, तर कुणाला चोरखोली बांधावी लागत नाही.