पाइपाला चकाकी आली, पण भरलेला कोळसा गेला कुठे?

जलजीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. म्हणजे पाइपांची मागणी इतक्यात थांबत नाही. वेशीवर रचलेला जीआय पाइप चकचकीत दिसतो खरा, पण ती चकाकी येईपर्यंत कारखान्यात बरंच पाणी नासलेलं असतं.

लोखंडी पाइपाचा गंज आधी हायड्रोक्लोरिक आम्लात काढतात. मग पाइप धुऊन साधारण ४५० अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्तावर पांढरे डाग पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी वरून क्रोमेटचं पाणी देतात. धुण्याच्या पाण्यात आम्ल, लोह, जस्त, तेल उतरतं. क्रोमेट असेल तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमही. हे क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, जस्ताची ५.

चुना आणि इतर रसायनं टाकून बहुतेक धातू गाळात बसवतात. उरलेलं तेल आणि धातूचा अंश पकडायला सक्रिय कोळसा किंवा रेझिन लागतं. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. स्पंज पाणी पितो तसं इथं होत नाही. घाण कोळशाच्या बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटते. एका ग्रॅम चांगल्या कोळशात हा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे चिमूटभर कोळशात जवळपास दहा गुंठे!

खरी गोम पुढे आहे. हे दहा गुंठेही कधीतरी भरतात. मग टाकी जागेवर, पंप चालू, पाणीही नितळ, पण धातू सरळ पार होतो. पाण्यात विरघळलेलं जस्त डोळ्यांना दिसतच नाही. कोळसा बदलायला पैसा लागतो, आणि टाळाटाळ तिथंच होते.

काढलेला माल टाकायचा कुठे, हाही प्रश्नच. विषारी धातू असलेलं रेझिन आणि सांडपाण्याचा रासायनिक गाळ २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. क्रोमियमनं भरलेला कोळसाही उकिरड्यावर टाकायची चीज नव्हे. असा कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या केंद्रांत जायला हवा. कारखान्याला त्याचा वार्षिक हिशेब फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा लागतो.

एमआयडीसीलगतच्या ग्रामपंचायतींनी माहिती अधिकारात हाच फॉर्म मागावा. ‘ईटीपी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर ‘आहे’ असंच येतं. वर्षात किती किलो रेझिन, कोळसा आणि गाळ बाहेर गेला, याचं उत्तर मात्र आकड्यातच द्यावं लागतं.